तोंड कोणीकडे

१

शनिवारी चार वाजता जगाचा अंत बाहेरच्या खोलीत यायचा, आणि त्याला चहा लागायचा.

चहाचं काम धाकटीचं. चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस मागून घेऊन ती साडेतीनला घरी यायची, टेबलाभोवती सहा खुर्च्या मांडायची आणि टेबलावर बाबांचा जगाचा नकाशा पसरायची. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला लागली पाहिजे म्हणून बाबा होकायंत्र ठेवून तो स्वतः सरकवायचे. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या. आता हातात दुसरं काही उरलं नाही म्हणून जगाच्या दिवसांची हद्द मोजत होते.

बाबा आणि आई घरचेच; मग बाकीचा एकेक जण यायचा. मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडे, कारण दुसऱ्या कोणाला त्यांनी वाचू दिलंच नसतं. नर्सबाई, ज्यांना प्रत्येक रोगात शेवटच्या काळाचं चिन्ह दिसायचं, फक्त स्वतःच्या मधुमेहात दिसत नव्हतं. शिवणवाल्या मावशी. आणि पोस्टमास्तर, जे पहिल्या दहा मिनिटांत डुलकी घ्यायचे आणि जागे झाले की "तेच म्हणतो मी" म्हणायचे. संदेष्ट्यानं दृष्टान्तात पाहिलेली चार श्वापदं म्हणजे कोणकोणती राज्यं, यावर हा शनिवारचा वर्ग अकरा वर्षं खल करत होता. दर दोन वर्षांनी राज्यं बदलायची. श्वापदं बिचारी तीच.

धाकटीला या सगळ्याचा राग का, ते सांगायला हवं. डोळे तपासायच्या शिक्षणाची तिची दोन वर्षं झाली होती. तिसऱ्याचा फॉर्म भरायच्या वेळी बाबांनी नकाशावर रेघ मारून दाखवलं की येत्या मार्चच्या पुढं काही उरत नाही, तेव्हा कॉलेज कशाला? ती एकोणीस वर्षांची होती, बाप खोटं बोलत नाही असं वाटायचं ते वय. मार्च आला आणि गेला. जग जागच्या जागी राहिलं, तिचं कॉलेज तेवढं बुडालं. बाबांनी ती रेघ खोडरबरानं पुसली आणि नवी मारली. पेन्सिलीनं काम करणाऱ्या माणसाला पश्चात्ताप करावा लागत नाही.

२

आईला पहिलं श्वापद दिसलं ते एका बुधवारी सकाळी, कपड्यांच्या घड्या घालताना.

"कपाटाशेजारी सिंह बसलाय," आई म्हणाली. साबण संपलाय म्हणताना जो आवाज असतो, तोच. "पंख आहेत त्याला."

आईचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. राहिला डावा, आणि त्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की बाहुली दुधाच्या थेंबासारखी पांढरी दिसायची. उजेड-अंधार, माणसाचा आकार, एवढंच तिला कळे. धाकटी घाबरली नाही. दुसऱ्या वर्षाला हे होतं. डोळ्याला पुरेसं दिसेनासं झालं की मेंदू रिकाम्या जागी आपल्या पदरचं चित्र भरतो. शहाण्यासुरत्या म्हाताऱ्यांना घोडे दिसतात, वेली दिसतात, छोटी माणसं दिसतात. वेड नव्हे. आणि आईनं अकरा वर्षं शनिवारी सिंहाशिवाय ऐकलंय काय? दुसऱ्या कोणाला पोपट दिसला असता.

ती हे आईला समजावून सांगत होती तेवढ्यात आतून बाबा आले. दाराआडून ऐकायची त्यांना सवय होती. ते तिला प्रार्थनापूर्वक ऐकणं म्हणत. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लेकीच्या जन्माच्या वेळी तरी तसा उजळला असेल का, असं धाकटीच्या मनात येऊन गेलं.

"तोंड कोणीकडे आहे त्याचं?" बाबांनी विचारलं.

३

त्या शनिवारी टेबलाशी बाबांनी आईला मानाची खुर्ची दिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच. मग तीन प्रश्न ठरले. कसं आहे? अंगावर काय आहे? तोंड कोणीकडे? पहिल्या दोनांची उत्तरं शास्त्राशी ताडून बघायचं काम मास्तरांचं. तिसरा प्रश्न बाबांचा. श्वापद जिथं बसलंय तिथून आईनं हात लांब करून त्याच्या नजरेची दिशा दाखवायची, बाबांनी त्या हाताच्या रेषेत लाकडी पट्टी ठेवायची आणि नकाशावर रेघ ओढायची. रेघ ज्या देशावरून जाईल, तो देश.

सिंहाची रेघ एक समुद्र आणि दोन देश ओलांडून गेली. आठवडाभर पेपर चाळल्यावर त्यांतल्या एका देशाचा कोणी मंत्री दवाखान्यात असल्याचं सापडलं. मंडळींना इतका आनंद झाला की नर्सबाईंनी साखरेचा चहा घेतला.

धाकटीनं मात्र आपल्या परीनं तपासणी केली. अशी चित्रं डोळ्याबरोबर फिरतात: मान वळवली की चित्रही वळतं. तिनं आईला खिडकीकडं वळवून बसवलं.

"आता सिंह कुठं दिसतो?"

"आता कसा दिसेल? तो माझ्या पाठीशी आहे ना."

धाकटीनं तिला परत फिरवलं, उभं केलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. सिंह कपाटाशेजारीच. तिकडून त्याची कूस दिसते, आई म्हणाली, इकडून चेहरा. घरच्या मांजरीबद्दल सांगावं तितक्याच सहज. धाकटीनं वहीत लिहिलं की आईला खोलीची सवय आहे, कल्पना ती सवयीच्या जागीच मांडते. लिहिल्यावर तिला बरं वाटलं. पण वही मिटल्यावर, कपाटातला टॉवेल घ्यायला ती जरा वळसा घालून गेली, आणि ते लक्षात आल्यावर स्वतःवरच चिडली.

पुढच्या मंगळवारी दुपारी आईचा जरा डोळा लागला. उठून म्हणाली, सिंह गेला. त्याच संध्याकाळी निरोप आला की शिवणवाल्या मावशी मशीनवर बसल्या बसल्याच गेल्या. वय एकोणऐंशी. हृदय आधीपासून अधू. वर्गानं दोन मिनिटं मान खाली घातली आणि मावशींची खुर्ची भिंतीला लावली.

४

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्यात थेंब टाकून अर्धा तास मिटून बसवलं, मग आत उजेड टाकून पाहिलं, आणि धाकटीला बाहेर घेतलं. एवढा पिकू का दिला, म्हणाल्या. आत फुटला तर डोळ्याचा दाब वाढतो, मग नजर गेली ती कायमची. एकच डोळा आहे ना बाईंना? महिन्याच्या आत करून टाका.

धाकटी तारीख घेऊनच घरी आली. बाबांनी तारखेचा कागद वाचला, घडी केली आणि नकाशाखाली सरकवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. श्वापदं चार. सिंह येऊन गेला. परवा अस्वल आलं, एका अंगावर उठलेलं, तोंडात फासळ्या धरलेलं; त्याचीही रेघ ओढून झाली. अजून दोन यायची आहेत. डोळा साफ केला तर ती दिसायची कोणाला?

"आणि आईला दिसायचं नाही त्याचं काय?"

"तिला जे दिसतंय," बाबा म्हणाले, "ते राजे-महाराजांना दिसलं नाही."

शनिवारी मास्तरांनी दुजोरा दिला. नर्सबाई चाळीस वर्षं दवाखान्यात राबलेल्या, त्यांना काही तरी कळत असेल असं वाटून धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, देवाच्या कामात घाई बरी नाही. आई मधे बसून होती, कोणी तिला विचारलं नाही. अंधाऱ्या खोलीत दिवा ठेवतात, तसं तिला मधे ठेवलं होतं. दिव्याला काय हवंय ते कोण विचारतो?

अस्वल मात्र गेलं होतं. दवाखान्यातून आल्यावर आईनं दारातच मान हलवली होती: नाही, उठून गेलं. आणि वर्ग सुटायच्या सुमारास कळलं, की पोस्टमास्तर आज आलेच नाहीत ते डुलकीमुळं नव्हे. शेजाऱ्यानं दार फोडलं तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस उलटले होते. म्हणजे दवाखान्याचा दिवस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धाकटीला पोस्टमास्तरांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. वर्गाची टिपणं घ्यायला कोणी तरी हवं होतं. तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण मग आईजवळ बसायला दुसरी जागा नव्हती.

५

चित्ता टेबलावर आला.

आई म्हणाली, नकाशाच्या मधोमध बसलाय, पाय पोटाखाली घेऊन. चार डोकी आहेत. चारही तोंडं चार बाजूंना. बाबांनी पट्टी उचलली आणि परत खाली ठेवली. एवढ्या रेघा एकदम मारायची त्यांनाही भीती वाटली असावी. मग त्यांनी जाहीर केलं की हे चार दिशांचे चार वारे, म्हणजे सगळं जग. मास्तर म्हणाले, अगदी बरोबर. चौघांनी आपापले कप उचलले, प्यायले आणि नकाशावर परत ठेवले, मधली जागा सोडून. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी प्रार्थना झाली. मास्तरांची प्रार्थना म्हणजे देवाला जगाच्या बातम्या सांगणं. वीस मिनिटं सहज. सगळ्यांचे डोळे मिटलेले. धाकटी कधीच मिटायची नाही, हा तिचा छोटासा बंडखोरपणा. त्या दिवशी तिला दिसलं की आईनंही मिटलेला नाही. पांढरी बाहुली टेबलाच्या मध्यावर खिळलेली, पापणी लवत नव्हती, डोळ्यातून पाणी गळून हनुवटीपर्यंत आलेलं. उंबऱ्यात उभी राहून आई एखाद्या परक्या कुत्र्याला नजरेनं थोपवून धरते तशी ती बसली होती.

सोमवारी घरात कोणी नसताना धाकटीनं नकाशा नीट पाहिला. अकरा वर्षांत प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून कपाच्या ओल्या बुडाचे डागही ठरलेले: काठाकाठानं सहा तपकिरी वर्तुळं, एकावर एक बसून गडद झालेली. सिंहाची रेघ बाबांनी मधल्या देशांपाशी जाड केली होती, तिथं तारखा लिहिल्या होत्या, बाण काढले होते. देशांच्या पुढं ती बारीक होत नकाशाच्या काठापर्यंत गेली होती आणि एका वर्तुळाच्या बरोबर मध्यात संपली होती. मावशींचं वर्तुळ. अस्वलाची रेघ पोस्टमास्तरांच्या.

आयुष्यभर हद्दी मोजलेल्या माणसानं दोन रेघा मारल्या आणि दोन्ही वेळा दूरदेशीचा मुलूख पाहिला. समोर माणूस बसलाय हे पट्टीवर दिसत नाही.

धाकटीनं स्वतःला समजावलं. सहा म्हातारी एका टेबलाभोवती बसवली तर कुठलीही रेघ कोणा ना कोणावर जाणारच, आणि म्हातारी माणसं मरतातच. हे अगदी खरं होतं. तिनं ते दोनदा मनाशी म्हटलं. मग तिनं नकाशाखालून तारखेचा कागद काढून घेतला.

६

चष्म्याची दांडी सैल झालीय, दुकानात जाऊन तासाभरात येऊ, असं सांगून तिनं आईला बाहेर काढलं. दवाखान्याचा वास आल्यावर आई पायरीवरच थांबली.

"आज नको. आणखी थोडे दिवस."

"बाबांनी पढवलंय तुला."

"त्यांना काय कळतंय," आई म्हणाली. आजवर तिच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं. बाकावर बसून तिनं सांगितलं, खालच्या आवाजात, लोक ये-जा करत होते म्हणून. अंधार पडला की ते डोकी खाली घालून निजतं, तेव्हा माणसानंही निजायला हरकत नाही. दिवसा मात्र बघावं लागतं. मी कुठंही असले तरी माझा डोळा उघडा आहे तोवर ते बसून राहतं. सिंहाच्या वेळी मला ठाऊक नव्हतं, दुपारी झोप आली. अस्वलाच्या वेळी तू इथं आणलंस, थेंब टाकून डोळा मिटायला लावला. या वेळी मी नीट लक्ष ठेवलंय.

"चार तोंडं कोणाकोणाकडं आहेत?"

"मास्तर. नर्सबाई. तुझे बाबा."

धाकटी चौथ्याची वाट बघत राहिली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

धाकटीला जे वाटलं ते तिनं बाजूला ठेवलं. शिकलेलं माणूस तेच करतं, अर्धवट शिकलेलं तर जास्तच. ती म्हणाली, "हे बघ. डोळा आत फुटला तर महिन्याभरात काहीच दिसणार नाही, मग लक्ष कशानं ठेवशील? न कापता नजर जाणारच, कापून निदान मी तरी दिसेन तुला. आणि माझं खरं असेल तर मुळात तिथं काही नाहीच. गढूळ काच बदलली की संपलं."

 आई हसली. "वाद घालायला बापावर गेलीस," म्हणाली, आणि सहीच्या जागी अंगठा टेकवला, कारण रेघ तिला दिसत नव्हती.

७

वीस मिनिटांचं काम. संध्याकाळी पट्टी बांधलेल्या आईला घेऊन ती घरी आली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी पट्टीकडं पाहिलं, मग धाकटीकडं, आणि म्हणाले की देवानं उघडलेली खिडकी तू विटा लावून बुजवलीस, याचा जाब तुला द्यावा लागेल. तिनं विचारलं, तुमच्या मार्चच्या आधी की नंतर? हे उत्तर तिनं तीन वर्षं जपून ठेवलं होतं. दिल्यावर फार काही वाटलं नाही.

आई तोवर चाचपडत टेबलाशी गेली होती. खुर्ची ओढून बसली आणि उजवा हात लांब करून नकाशाच्या मधोमध ठेवला, तळवा किंचित वर उचललेला, काही तरी खाली आहे असा. जेवायला उठली नाही, डाव्या हातानं बसल्या जागीच चार घास खाल्ले. बाबांना वाटलं प्रार्थना करतेय, ते गहिवरले. दिवे लागले, मग अंधार दाट झाला, तेव्हा आईनं विचारलं, "निजानीज झाली का गं?" धाकटी हो म्हणाली. आईनं हात काढून घेतला. तो बर्फासारखा गार होता आणि बोटांवर बारीक बारीक केस चिकटले होते. शालीचे असतील. शाल तपकिरी होती, केस पिवळसर. पण दिव्याच्या उजेडात रंगाचं काय खरं?

८

सकाळी नऊला पट्टी निघाली. आईनं आधी डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला, मग भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मिनिटांसकट. मग धाकटीकडं वळली आणि तिच्या कानामागची केसांची बट बोटानं सरळ केली. "पांढरे केस आले तुला," म्हणाली. "किती वाळलीस." रस्ताभर ती पाट्या वाचत आली. लहान मुलासारखी प्रत्येक पाटी मोठ्यानं. धाकटीला तीन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की आपण एक गोष्ट पुरी केली.

घरी बाबा टेबलाशी पेपर घेऊन बसले होते. बोलायचं नाही असं ठरवून. आई दारात थांबली. धाकटीनं श्वास रोखला.

आईनं टेबल पाहिलं, कपाटाची बाजू पाहिली, परत टेबल पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "काही नाही तिथं. तुझंच खरं."

धाकटी मोठ्यानं हसली. हसत हसतच आत गेली, चहा केला. चहाचे तीन कप आणि आईच्या हातून सांडतो म्हणून एक बशी, असं घेऊन ती आली. बाबांचा कप तिनं त्यांच्यासमोर ठेवला, आपला आपल्या जागी, आईचा बशीत. सगळे बसले. खिडकी लावलेली होती, डोळ्यात धूळ जायला नको म्हणून. पंखा त्याच कारणानं बंद. बाहेर कोणी तरी जिना झाडत होतं. बाबांनी पेपरमागून, कोणाला उद्देशून नव्हे असं, सांगितलं की नर्सबाईंच्या घरचा फोन दोनदा येऊन कट झाला, बघायला हवं. आणि मास्तर आज फिरायला गेलेले दिसले नाहीत.

"वाफसुद्धा दिसतेय मला," आई म्हणाली. कौतुकानं ती कपांकडं बघत होती.

धाकटीनंही पाहिलं. आईच्या कपावरची वाफ सरळ वर जात होती. बाबांच्या कपावरची बाबांकडं कललेली, पार आडवी, कोणी फुंकर घालावी तशी. मग क्षणभर सरळ व्हायची आणि पुन्हा कलायची. धाकटीच्या कपावरची तिच्याकडं. दोन्ही एकाच वेळी कलत होत्या, एकाच वेळी सरळ होत होत्या. संथ, झोपेतल्यासारख्या लयीत. मधे नकाशा होता, त्यावर समुद्र होते, देश होते. दुसरं काही नव्हतं.

तिनं डोळ्यांना ताण देऊन पाहिलं. आपले डोळे उत्तम आहेत हे तिला माहीत होतं, दर सहा महिन्यांनी ती स्वतःच तपासायची.

आईचं कौतुक कधी थांबलं ते कळलं नाही. तिचा नवा, स्वच्छ डोळा एकदा बाबांच्या कपावर गेला आणि तिथं बराच वेळ राहिला. चौतीस वर्षं. मग तो धाकटीच्या कपावर आला.

आईनं आपला कप बशीतून उचलून टेबलावर ठेवला. थेंबही सांडला नाही. बशी घेतली आणि धाकटीच्या कपावर पालथी घालून, वरून हाताच्या पंजानं घट्ट दाबून धरली.

"निवेल," ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली केला आणि इकडंतिकडं पाहत मानेवरून हात फिरवला. "आणि माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

बशी एकच होती.